तळोज्याच्या कोळंबी प्लांटमध्ये क्यूसीचं पहिलं वर्ष

ठाण्यात मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. केलं आणि तळोजा एमआयडीसीतल्या एका निर्यातीच्या प्लांटमध्ये क्यूसी, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात ट्रेनी म्हणून लागले. मुलाखतीत पुस्तकातलं काही विचारलं नाही. समोर ट्रे ठेवला, "यातली नको ती काढा." मी काळ्या डोक्याच्या सगळ्या काढल्या, सडक्या म्हणून. साहेब हसले, पण घेतलं.

मी जंतूंची विद्यार्थिनी, मला सगळीकडे जंतूच दिसायचे. तो काळेपणा जंतूंचा नसतोच. कोळंबी मेली की तिच्याच अंगातलं एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीने काळा रंग तयार करतं. चिरलेलं वांगं काळं पडतं, त्याच जातीचा प्रकार. खायला अपाय नाही, पण गिऱ्हाईक हात लावत नाही. बर्फ भरपूर असला की हे लांबतं. म्हणून ट्रकचं दार उघडल्यावर मी आता आधी बर्फ बघते, मग थर्मामीटर खुपसते, कोळंबी त्यानंतर.

माझं एकच सांगणं: आधी प्राणी शिका, मग माल. ज्याला आपण डोकं म्हणतो त्यात हृदय, जठर, पचनग्रंथी सगळं कोंबलेलं असतं. कोळंबी मेल्यावर ती ग्रंथी शेजारचंच मांस पचवायला लागते, मानेशी मांस भुसभुशीत होतं. डोकी काढायची घाई त्यासाठी. पाठीवरचा काळा धागा म्हणजे शीर नव्हे, आतडं. पोटाच्या बाजूने जाते ती चेतारज्जू, ती काढायची गरज नसते. सोलणाऱ्या मावशींना ही नावं ठाऊक नाहीत, पण कुठला धागा काढायचा यात त्या चुकत नाहीत. पहिला महिना त्यांच्या टेबलाशी उभे राहा.

मऊ कवचाचं कोडं मला उशिरा सुटलं. वाढायचं तर कोळंबीला जुनं कवच टाकावं लागतं, आणि नवं कडक होईपर्यंत ती मऊ राहते. तलावातली काढणी नेमकी तेव्हा झाली की ट्रकभर मऊ माल येतो. कवच टाकणं अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास वाढतं, तलाववाले त्यांच्याकडे डोळा ठेवतात ते यामुळेच. मला तोवर वाटायचं, ट्रकवाला शिळा माल आणतोय.

येणारी बहुतेक कोळंबी व्हॅनामेई जातीची. मूळची मेक्सिको ते पेरूच्या पॅसिफिक किनाऱ्याची; आपल्याकडे २००९ पासून तिच्या शेतीला परवानगी मिळाली. तोवर तलावांत टायगर जातीच्या कोळंबीचं राज्य होतं, पण पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने तिला पार झोपवलं होतं.

आता माझी फजिती. काउंट २१/२५ म्हणजे एका पौंडात, ४५४ ग्रॅममध्ये, २१ ते २५ नग. मी किलोवर मोजून बसले आणि अख्खी पाळी "साइज चुकलीय" म्हणून ओरडत राहिले. बरं, गोठवलेल्या नगावर बर्फाचं ग्लेझ असतं; ते पाण्याखाली उतरवून, निथळवून मगच वजन घ्यायचं.

अँटिबायोटिकच्या तपासण्या लॅबमध्ये होतात. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान ही दोन नावं पहिल्याच आठवड्यात पाठ करा. त्यांचा अंश सापडला तर माल गेलाच.

अ‍ॅलर्जी असेल तर मात्र या वाटेला जाऊच नका. कोळंबीतलं ट्रोपोमायोसिन हे अ‍ॅलर्जी आणणारं प्रथिन शिजवूनही मोडत नाही, आणि कुकिंग सेक्शनच्या वाफेनेही दम लागू शकतो. माझ्यासोबत लागलेल्या मुलीने मुलाखतीत हे लपवलं आणि तिसऱ्या आठवड्यात सोडून गेली.

बाकी किरकोळ. हॉल गारठलेला असतो, गमबूटमध्ये दोन मोजे घाला. अंगठी, नेलपॉलिश चालत नाही. बेलापूरहून मेट्रोने पेंधरला उतरलात की एमआयडीसी जवळ पडते. मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने खारघरपर्यंत येते आणि तिथून कंपनीची बस. परतीच्या लोकलमध्ये शेजारची बाई सरकून बसली तर मनाला लावून घेऊ नका. लिंबू चोळा, थोडा फरक पडतो.

परवा रविवारी चेंदणीजवळ कोळंबी घेताना मी सवयीने मानेशी दाबून बघत होते, ओठांत नग मोजत होते. कोळीण म्हणाली, "मोजतेस काय गं बाय? वाटा घे नि जा."