छोट्या गावचं वाचनालय: पुस्तक घरी जाईल असे कार्यक्रम

कार्यक्रम घ्यायचा म्हटलं की वाचनालयाच्या कार्यकारी मंडळात आधी मांडव, माइक आणि प्रमुख पाहुण्यांचीच चर्चा सुरू होते. वर्षाचा सगळा उत्साह आणि जवळपास सगळा निधी एका संध्याकाळी खर्च होतो आणि दुसऱ्या दिवशी देवघेवीच्या टेबलाशी नेहमीचेच चेहरे. तालुक्याच्या किंवा त्याहून लहान गावातल्या वाचनालयाला परवडतात आणि उपयोगी पडतात ते छोटे, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी होणारे कार्यक्रम. त्यांना एकच कसोटी लावावी: कार्यक्रमाला आलेल्यांपैकी किती जण हातात पुस्तक घेऊन घरी गेले?

शनिवारची गोष्ट

सुरुवात मुलांपासून करा. बहुतेक शाळा शनिवारी सकाळच्या असतात, म्हणून शनिवारी दुपारी चार ते पावणेपाच ही वेळ सोयीची. गट सहा ते दहा वर्षांचा आणि वीस-पंचवीस मुलांचा ठेवा. तीसच्या वर मुलं येऊ लागली की दोन गट करा, कारण मागच्या रांगेला चित्र दिसेनासं झालं की तिथूनच गडबड सुरू होते.

बसण्याची मांडणी फार महत्त्वाची आहे. सतरंज्या अर्धवर्तुळात, दोनच रांगा. गोष्ट सांगणाऱ्याच्या पाठीशी भिंत हवी. पाठीमागे खिडकी असली तर उजेडामुळे मुलांना नुसती काळी आकृती दिसते, पुस्तकातलं चित्र दिसतच नाही. मुलांची तोंडं दाराकडे नसावीत. नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाबरोबर माना वळतात. पुस्तक छातीच्या उंचीवर, जरा एका बाजूला धरायचं आणि पान उलटल्यावर ते डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवायचं. ए-फोर आकाराचं चित्र दोन रांगांपर्यंत नीट दिसतं, त्यापुढे नाही.

पावणेतासाची वाटणी साधारण अशी करावी: पाच मिनिटं गाणं किंवा गप्पा, बारा ते पंधरा मिनिटं गोष्ट, पंधरा मिनिटं गोष्टीवरचं काही काम (चित्र काढणं, शेवट बदलून सांगणं, पात्रं वाटून घेऊन वाचणं) आणि शेवटची दहा मिनिटं पुस्तक निवडायला. ही शेवटची दहा मिनिटं कधीही कापू नका. गोष्ट लांबली, तर चित्राचा वेळ कमी करा. तीस-चाळीस पुस्तकं मुखपृष्ठ वर दिसेल अशी सतरंजीवर मांडून ठेवायची. कपाटात नुसते कणे दिसत असतील, तर या वयाची मुलं पुस्तकाला हातच लावत नाहीत.

गोष्ट सांगायला नाटकी आवाज लागत नाही, पण पुस्तक आधी दोनदा मोठ्याने वाचून पाहिलेलं असावं. कुठे थांबायचं आणि कुठला शब्द आपल्या गावच्या बोलीत सांगायचा, हे त्यातच कळतं. बोधपर गोष्टींचा मारा टाळा. गोष्ट संपताच ‘यातून आपण काय शिकलो?’ असं विचारलं की मुलांना तो शाळेचाच तास वाटू लागतो. त्याऐवजी ‘पुढे काय झालं असेल?’ असं विचारून बघा.

चित्रांची मराठी पुस्तकं ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स आणि नॅशनल बुक ट्रस्ट यांच्याकडे मिळतात. पैशांची अडचण असेल, तर प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आणि खुल्या परवान्याखाली आहेत. त्या छापून, जाड पुठ्ठा लावून शिवता येतात. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही आंतरजालावर वाचायला मिळतात.

आता खरी अडचण अनामतीची. मुलाला पुस्तक हवं असतं, पण अनामत भरायला पालक येईपर्यंत चार शनिवार उलटतात आणि मूल यायचं थांबतं. यावर दोन उपाय चालतात. घरात कोणी सभासद असेल, तर त्याच कार्डावर एक बालपुस्तक जादा द्या. नसेल, तर वर्गशिक्षकांच्या सहीच्या यादीवर तीन महिने विनाअनामत पुस्तक द्या. काही पुस्तकं परत येणार नाहीत, काही फाटून येतील. तो खर्च अंदाजपत्रकात आधीच धरून ठेवा, म्हणजे ग्रंथपालावर कोणी ठपका ठेवणार नाही. बाल विभागाच्या कपाटांना कुलपं लागतात ती याच ठपक्याच्या भीतीने.

फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. ती वर्षा-दोन वर्षांत पिवळी पडते आणि तिचा गोंद कडक होऊन कागद तिथेच तुटतो. पांढरा फेव्हिकॉल पाण्याने थोडा पातळ करून पातळ पारदर्शक कागदाची पट्टी लावावी. बाइंडर खळीत मोरचूद घालतात. कीड लागू नये म्हणून ते ठीक, पण ते विषारी असतं, त्यामुळे मुलांच्या पुस्तकांना ती खळ लावू नये.

दिवाळी अंकांची फिरती योजना

महाराष्ट्रात वाचनालयाकडे नवा माणूस आपणहून वळतो तो दिवाळी अंकांसाठी. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने 1909 मध्ये काढलेल्या दिवाळी अंकापासून चालत आलेली ही आवड आजही टिकून आहे आणि एका कुटुंबाला मनाजोगते सगळे अंक विकत घेणं परवडत नाही. म्हणूनच वर्गणी घेऊन अंक आळीपाळीने घरी वाचायला द्यायची ही योजना काळजीपूर्वक आखली, तर तिचा खर्च बराचसा तीच भागवते.

समजा 40 वाचक आणि 50 प्रती. सरासरी 250 रुपये धरले, तर खर्च 12,500 रुपये. वाचकामागे 300 रुपये वर्गणी ठेवली, तर 12,000 जमतात. विक्रेता पूर्ण संचावर सवलत देतो का, हे नवरात्रातच विचारून मागणी नोंदवा. प्रती वाचकांपेक्षा पाचव्या-चौथ्या हिश्शाने जास्त हव्यात. तेवढ्याच असल्या तर सगळे अंक लोकांच्या घरी असतात आणि येणाऱ्याला निवडीला वावच राहत नाही. 50 प्रतींत साधारण 40 शीर्षकं आणि सर्वांत मागणी असलेल्या दहांची दुसरी प्रत, असं प्रमाण ठेवा. कथा-लेखांचेच अंक घेऊ नका. पाककृती, आरोग्य, शेती, प्रवास आणि मुलांचे अंकही हवेत.

अंक वाटण्याआधी एक दुपार राखून ठेवा. पिना मारलेल्या अंकाचं मुखपृष्ठ दुसऱ्या-तिसऱ्या वाचकाकडेच सुटतं. गोंदाने बांधलेल्या जाड अंकाची मधली पानं गळतात. कण्यापासून पाऊण सेंटिमीटरवर चार भोकं पाडून जाड दोऱ्याने शिवून घ्या; त्याहून आत शिवलं, तर ओळींची टोकं शिवणीत जातात. वर पारदर्शक कव्हर, पुढे ठळक क्रमांक आणि आत तारखांची चिठ्ठी. राशिभविष्याची पानं कापली जातात आणि शब्दकोडी पेनने सोडवली जातात, हे गृहीतच धरा. दोन्हींच्या झेरॉक्स काढून भविष्य फलकावर लावा आणि कोडी टेबलावर ठेवा.

पाच दिवसांनी अंक बदलायचा. बारा आठवड्यांत प्रत्येकाला सोळा-सतरा अंक मिळतात. आधीचा अंक परत आल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही, हा नियम अध्यक्षांनाही लागू. योजना अडखळते ती एखाद्या घरी तीन अंक अडकून पडतात म्हणून. मुदत संपायच्या आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ पाठवली, तर पुष्कळ फरक पडतो. शेवटच्या महिन्यात प्रत्येक अंक परत घेताना त्यातल्या एखाद्या लेखकाचं वाचनालयातलं पुस्तक समोर ठेवा. योजनेचा वाचक वर्षभराचा सभासद होतो तो इथेच.

मोठ्यांसाठी

वाचक कट्ट्याला आठ-दहा जण पुरे. सगळ्यांनी एकच पुस्तक वाचून यायचं, ही पद्धत लहान वाचनालयात चालत नाही, कारण दहा प्रती कुठून आणणार? त्याऐवजी विषय द्यावा: पाणी, प्रवास, आत्मचरित्र, गावाकडच्या कथा. प्रत्येकाने वेगळं पुस्तक वाचावं, सात मिनिटं बोलावं आणि पुस्तक टेबलावर ठेवावं. ज्याला हवं त्याने त्याच वेळी नोंद करून न्यावं. एकच सदस्य अर्धा तास बोलू लागला, तर बाकीचे पुढच्या महिन्यात येत नाहीत. वेळ सांभाळायला ठामपणे बोलणारी व्यक्ती नेमा.

महिलांसाठी दुपारी अडीच ते चार ही वेळ ठेवा. संध्याकाळचा कार्यक्रम स्वयंपाकाच्या वेळेला आडवा येतो. संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत हळदीकुंकवाऐवजी तिळगूळ समारंभ करावा, म्हणजे विधवा आणि एकट्या राहणाऱ्या महिलांनाही मोकळेपणाने येता येईल. प्लास्टिकच्या डब्याऐवजी तीन महिन्यांच्या सभासदत्वाचं कार्ड वाण म्हणून द्या.

ज्येष्ठांना पुस्तकं घरपोच द्यायची तर कापडी पिशवीत चार, दर पंधरा दिवसांनी. निवड त्यांच्यावर सोपवा आणि ठसठशीत टाइपाची पुस्तकं वेगळी काढून ठेवा. हे काम अभ्यासिकेत बसणारी मुलं-मुली आनंदाने करतात. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांपलीकडे त्यांचा वाचनालयाशी संबंध जुळायला ही चांगली वाट आहे. मात्र अभ्यासिका आणि शनिवारची गोष्ट शेजारच्या खोल्यांत असतील, तर गोष्टीची वेळ फलकावर महिनाभर आधी लावा, नाहीतर आवाजावरून कुरबुर ठरलेली.

व्याख्यान घ्यायचंच असेल, तर वक्ता एक, वेळ पंचेचाळीस मिनिटं आणि हारतुरे, प्रास्ताविक, आभार मिळून दहा मिनिटं. विषयावरची आपल्याकडची पुस्तकं दाराशी मांडलेली हवीत आणि देवघेव कार्यक्रमानंतर अर्धा तास सुरू हवी. ग्रंथपालालाच सूत्रसंचालनाला लावलं, तर देवघेव बंद पडते.

तारखा आणि नोंदी

27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, 23 एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन, ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या जयंतीचा 12 ऑगस्टचा ग्रंथपाल दिन आणि 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन हे दिवस पाळले जातातच. त्या दिवशी नुसतं प्रतिमापूजन न करता नवी पुस्तकं खुली करा. मार्च-एप्रिल हे परीक्षांचे दिवस, तेव्हा मुलांचे मोठे कार्यक्रम नकोत. गणपतीत सभागृह आणि माणसं दोन्ही मोकळी नसतात. आठवडी बाजाराच्या दिवशी मात्र आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं गावात येतात. त्या दिवशी दुपारी बाराला वाचनालय बंद ठेवणं म्हणजे त्यांना दार लावणं. निदान बाजाराच्या दिवशी तरी दुपारी उघडं ठेवा आणि बाहेर एक टेबल मांडून मासिकं आणि शेतीची पुस्तकं ठेवा.

प्रत्येक कार्यक्रमाची नोंद शंभर पानी वहीत एका ओळीत करा: तारीख, कार्यक्रम, उपस्थिती, त्यानंतर त्याच दिवशी गेलेली पुस्तकं, नवे सभासद, खर्च. वार्षिक अहवालाला हीच वही लागते. तीन महिन्यांनी उपस्थिती आणि गेलेली पुस्तकं हे दोन रकाने शेजारी ठेवून बघा. उपस्थिती भरपूर आणि पुस्तकं मोजकी असतील, तर बहुधा मांडणी चुकलेली असते: पुस्तकं दुसऱ्या खोलीत, कपाट बंद, नाहीतर नोंद करायला माणूस नाही. उपस्थितीच घसरत असेल, तर मधले किती शनिवार रद्द झाले ते आधी तपासा. सलग दोनदा दार बंद दिसलं की तिसऱ्या शनिवारी मुलं येत नाहीत, म्हणून गोष्ट सांगणारे किमान तिघं तयार ठेवा आणि पावसाने चारच मुलं आली, तरी त्या चौघांना गोष्ट सांगा.