कॉमिक कॉनला टेबल लावायचंय? 'भाग १' घरी ठेवा, पूर्ण गोष्ट न्या

वेबकॉमिक काढणारी ओळखीतली पोरंपोरी हल्ली सारखी विचारतात की कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिकवाल्यांच्या जत्रेला, टेबल घ्यायचं तर काय काय लागतं, आणि मराठी कॉमिक तिथे घेतं तरी कोण. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी फुलटाइम आर्टिस्ट वगैरे नाही, दिवसा एका कंपनीत अकाउंट्स बघते आणि रात्री टॅबवर कॉमिक काढते. त्यात डोंबिवलीतल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी वारलेत पण भूत झाल्यावरही लिफ्टमधे नोटिसा चिकटवायचं काही सोडत नाहीत, असा एकूण प्रकार आहे. इन्स्टावर टाकते, वाचक बऱ्यापैकी आहेत, पैसे शून्य.

आधी जागा समजून घ्या. कॉमिक कॉन इंडिया २०११ साली दिल्ली हाटला सुरू झालं, मग मुंबई, बंगळुरू, हैदराबाद असं करत आता पुण्यातही होतं, आणि २०२४ मधे ते नॉडविन गेमिंग या कंपनीने विकत घेतलं. नावात कॉमिक असलं तरी अशा मोठ्या कॉनमधे आज गेमिंग, ॲनिमे (जपानी ॲनिमेशन), कॉस्प्ले (पात्रांचे वेश करून येणं) आणि टीशर्टवाल्यांचाच जोर असतो, हे मनात पक्कं करूनच जायचं. आपल्यासारख्यांसाठी असते ती आर्टिस्ट ॲली, म्हणजे छोट्या टेबलांची रांग. इंडी कॉमिक्स फेस्टसारखं, स्वतंत्रपणे कॉमिक काढणाऱ्यांचं काही असेल तर तिथे येणारा माणूस कॉमिक वाचायलाच येतो, गर्दी कमी पण कामाची. मी बसले ती मुंबईतल्या एका मोठ्या कॉनला, त्यामुळे पुढचं सगळं त्या गर्दीचं आहे.

आता मुख्य मुद्दा, बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल पण हे वाचा. आपण वेबवर दोन-तीन वर्षं एक लांबलचक कथा चालवत असतो आणि साहजिक वाटतं की तिचा पहिला भाग छापून न्यावा. नका नेऊ. गर्दीतला माणूस तुमच्या टेबलासमोर फार तर अर्धा मिनिट थांबतो, पुस्तक उचलतो, मागचं कव्हर बघतो आणि विचारतो, "पुढचा भाग आहे का?" नाही म्हणालात की पुस्तक खाली. माझ्या शेजारच्या टेबलवर एक मुलगा होता, चित्रं माझ्यापेक्षा कितीतरी सरस, जाड कागद, सुंदर कव्हर, पण वर मोठ्ठं 'भाग १' लिहिलेलं आणि दिवसभर त्याला हाच एक प्रश्न. दुपारनंतर त्याने बिचाऱ्याने 'भाग १' वर स्टिकर लावायला सुरुवात केली, पण गोष्ट तर अर्धवटच होती ना आत.

मी नेली ती १६ पानांची, तिथल्या तिथे सुरू होऊन तिथेच संपणारी गोष्ट, खास कॉनसाठी काढलेली. वेबवरचं काही माहीत नसलेल्या माणसालाही कळेल अशी, शेवटी क्यूआर कोड की आवडलं तर बाकीचं इथे वाचा. लोकल पकडायच्या आधी वाचून संपेल एवढीच गोष्ट हवी, असं मी आता ठामपणे सांगते. दोनशे पानांचं महाकाव्य तुमच्या जुन्या वाचकांसाठी, आणि ते लोक ऑनलाइन मागवतातच.

नवीन काढायचं आणखी एक कारण म्हणजे साइझ. इन्स्टाची उभी पोस्ट १०८० बाय १३५० पिक्सेल असते, छपाईला लागतात ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), म्हणजे ती पोस्ट नीट छापली तर ३.६ बाय ४.५ इंच, पोस्टकार्डाहून लहान. वेबटूनसारखी, फोनवर खाली सरकवत वाचायची ८०० पिक्सेल रुंदीची स्क्रोल स्ट्रिप असेल तर पावणेतीन इंचसुद्धा नाही भरत. ए५ पानाला १७४८ बाय २४८० पिक्सेल लागतात, आणि चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) वेगळं. त्यामुळे जुनं काम ताणून मोठं करण्यापेक्षा नव्याने काढा. शिवाय स्क्रोलमधे किंवा स्वाइपमधे जो धक्का बसतो तो कागदावर पान उलटल्यावर बसतो, म्हणजे गंमत डाव्या पानावर, सम आकड्याच्या पानावर यायला हवी. माझं भूत लिफ्टच्या आरशात पहिल्यांदा दिसतं ते पान ५ वर येत होतं, समोरच्या पानाबरोबरच दिसून जायचं, म्हणून आधी एक नुसतं रिकाम्या जिन्याचं पान घातलं आणि त्याला ६ वर ढकललं. तेवढ्याने सगळी गोष्ट सुधारली, अगदी खरं सांगते.

देवनागरीचं वेगळं दुखणं असतं. काही सॉफ्टवेअरमधे जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या पळतात, फोटोशॉपमधे टाइपच्या सेटिंगमधे वर्ल्ड-रेडी लेआउट निवडलं तर नीट बसतं. संवादांच्या फुग्यांसाठी फुकट आणि विकायच्या कामातही वापरायला परवानगी असलेले फॉन्ट आहेत, 'एक टाइप' या फॉन्टवाल्यांचे बालू आणि मुक्त, किंवा हस्ताक्षरासारखा हवा तर कलम. प्रेसला पीडीएफ देताना अक्षरं आउटलाइन करून (म्हणजे त्यांचं चित्र करून) द्या, नाहीतर त्यांच्या मशीनवर फॉन्ट नसला की 'भूत'चं काहीही होऊ शकतं. आणि मराठी वाक्य त्याच अर्थाच्या इंग्रजी वाक्यापेक्षा फुग्यात जास्त उंची खातं, वर मात्रा खाली उकार, तेव्हा चित्र काढायच्या आधी फुगे ठरवा.

प्रेसमधे गेलात की एवढं माहीत असू द्या: थोड्या कॉपी असतील तर डिजिटल, ऑफसेट (प्लेट बनवून होणारी छपाई) पाचशे-हजारच्या पुढेच परवडतं. डिजिटलवाला शीटवर पैसे लावतो, १३ बाय १९ इंचाच्या शीटवर दोन्ही बाजू मिळून ए५ची आठ पानं बसतात, म्हणजे माझी १६ पानं दोन शीटमधे आणि कव्हर वेगळं. सेंटर पिन करायची तर पानं चारच्या पटीत हवीत. आत १३० जीएसएमचा कागद (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन), कव्हर २५० किंवा ३०० आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा सीएमवायकेमधे, म्हणजे छपाईच्या चार शायांमधे, जाऊन डबक्यातल्या शेवाळासारखा होतो, म्हणून सगळ्या कॉपी टाकायच्या आधी एक प्रूफ, म्हणजे नमुना कॉपी, हातात घ्या, तिथेच उभं राहून. स्टिकरला हाफ कट सांगा, म्हणजे वरचा स्टिकर कापला जातो, मागचा कागद नाही. आणि तारीख तीन-चार दिवस अलीकडची सांगा, प्रेसवाले दादा कितीही गोड असले तरी लग्नाच्या पत्रिका आल्या की आपलं काम मागे जातंच.

पैशाचं बोलू. टेबलाचं भाडं सांगतात त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा, तो धरूनच हिशोब करा. त्यात प्रवास, दोन दिवसांचं खाणं, स्टँड, टेबलक्लॉथ. एका कॉमिकची किंमत छपाईच्या किमान अडीच-तीन पट ठेवली नाही तर प्रत्येक कॉपीमागे आपणच खिशातून घालतो. किंमत गोल ठेवा, १०० किंवा १५०, सुट्ट्यासाठी भांडण नको. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, स्टिकर-पोस्टरवर आहे, पण आपल्याच राज्यात माल विकताना वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही (आपली त्याच्या जवळपासही नसते, असो). मात्र बंगळुरूला किंवा दिल्लीला जाऊन स्टिकर-पोस्टर विकायचे असतील तर नियम वेगळा आहे, कॅज्युअल टॅक्सेबल पर्सन (दुसऱ्या राज्यात तात्पुरता विकणारा) म्हणतात, जायच्या आधी एखाद्या सीएला विचारा. पहिल्या कॉनला भाडं निघालं तरी मी त्याला यश म्हणेन. माझं भाडं निघालं, छपाई जेमतेम, माझ्या मेहनतीची किंमत धरलीत तर न बोललेलंच बरं.

टेबल सपाट मांडू नका. लोक चालताना खाली बघत नाहीत, जे डोळ्याच्या उंचीवर ते दिसतं. जाळीचा स्टँड मागे उभा करा, त्याला कपड्यांच्या चिमट्यांनी प्रिंट लावा, किंमत प्रत्येकावर मोठ्या अक्षरात, कारण बरेच लोक लाजून विचारतच नाहीत आणि पुढे जातात. एक कॉपी 'वाचायला' म्हणून ठेवा, तिच्या कोपऱ्याला चिकटपट्टी, ती फाटणारच आहे. यूपीआयचा क्यूआर छापून ठेवा, पण दुपारी हॉल भरला की नेटवर्क झोपतं, तेव्हा दहा-वीस-पन्नासच्या नोटा हव्यातच. सोबत कोणीतरी असू द्या, नाहीतर बाथरूमला जाणंही मुश्किल. मी मावसभावाला नेलं होतं, त्याला कॉमिकमधलं काही कळत नाही पण हिशोब चोख, आणि स्टेजवरचा माइक इतका मोठ्याने चालू होता की दर दहा मिनिटांनी ओरडून बोलायची त्याचीच तयारी होती.

बोलायचं काय? एक वाक्य तयार ठेवा. माझं होतं, "सोसायटीचे सेक्रेटरी मेले तरी नोटिसा लावतात." हे ऐकून जो हसतो तो घेतो, जो नाही हसत त्याला सोडून द्या, मागे लागू नका. उभं राहा, फोनमधे डोकं घालू नका.

आता मराठीचं. खरं सांगायचं तर "अय्या, मराठीत!" म्हणून थांबणारे भरपूर, फोटो काढणारे त्याहून जास्त, आणि विकत घेणारे त्यातले थोडेच. कॉलेजची मुलं म्हणतात, "ताई, इंग्लिशमधे आहे का?" आणि मराठीतच बोलत असतात माझ्याशी. पण घेतात कोण ते मजेशीर आहे, कॉस्प्ले केलेल्या मुलांबरोबर आलेले आईबाप. चार तास मुलाची तलवार सांभाळून कंटाळलेले असतात आणि अख्ख्या हॉलमधे त्यांना कळणारी एवढीच एक गोष्ट. एका काकूंनी उभ्याउभ्या अर्धं वाचलं आणि विचारलं, "तूच काढलंस? आमच्या जोशांना ओळखतेस का गं तू?" मग तीन कॉपी घेतल्या, एक सरळ सेक्रेटरींना भेट द्यायला. तेव्हा टेबल मांडताना या लोकांचाही विचार करा: अक्षर मोठं, आणि कव्हरवर मराठी ठळक दिसेल असं. इंग्रजी आवृत्ती काढायची का, मी अजून काढली नाही, तो विनोद नोटिसांच्या मराठीत आहे, "सदर बाब गांभीर्याने घेण्यात यावी" याचं इंग्रजीत काय उरणार.

फॅनआर्टबद्दल सगळे विचारतात. विकलं जातं, आपल्या स्वतःच्या कामापेक्षा कितीतरी जास्त, हे शेजारची टेबलं बघून कोणालाही कळेल. पण दुसऱ्याच्या पात्रांची चित्रं परवानगीशिवाय विकणं कॉपीराइट कायद्यात बसत नाही, कोणी येऊन थांबवत नाही एवढंच. आयोजकांचे नियम वाचा, काही जण किती टक्के माल स्वतःचा हवा ते सांगतात, एआयच्या चित्रांना काही ठिकाणी बंदी असते. माझं मत विचाराल तर एखादी फॅनआर्ट प्रिंट लावून माणूस थांबवायचा आणि हातात आपलं कॉमिक द्यायचं हेही मला फारसं पटत नाही, थांबलेला माणूस त्या प्रिंटसाठीच थांबलेला असतो.

सामान नेताना एक मोठी बॅग भरण्यापेक्षा दोन लहान करा, पुस्तकं जाम जड होतात आणि लोकलच्या गर्दीत मोठी बॅग म्हणजे शिव्या. बीकेसीला असेल तर कुर्ल्याहून रिक्षावाले सामान बघून भाव करतात, सकाळी लवकर निघालात तर बस बरी पडते. परतीचं ओझं कमी असावं अशी सगळ्यांचीच इच्छा असते, पण कॉपी उरतात, माझ्याही उरल्या. त्या फेकायच्या भावात शेवटच्या तासाला विकू नका, सकाळी पूर्ण पैसे देऊन गेलेला माणूस परत फिरकतो आणि बघतो. त्याऐवजी जवळच्या पुस्तकांच्या दुकानात विक्रीनंतर पैसे या बोलीवर चार-पाच ठेवा, दिवाळीच्या सुमारास अंकांची प्रदर्शनं लागतात तिथे विचारा, उरलेल्या ऑनलाइन. काय कितीला आणि कोणत्या वेळी गेलं ते मावसभावाने वहीत लिहून ठेवलं होतं, त्यावरून कळलं की पोस्टकार्डं पहिल्या दिवशी दुपारीच संपली होती आणि मोठ्या पोस्टरकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. पुढच्या वेळी पोस्टर छापणार नाही, पोस्टकार्डं दुप्पट.