जत्रेचं नाव बदलणार असतील तर हरकत कशी नोंदवावी

आमच्या शहराची चैत्रातली जत्रा. तीन वर्षांपूर्वी तिला 'ग्रीष्म महोत्सव' म्हणायचा प्रस्ताव आला आणि पेठेपेठेत वाद पेटला. मी सार्वजनिक वाचनालयातली निवृत्त ग्रंथपाल. नाव राहावं असं मला मनापासून वाटत होतं, आजही वाटतं. त्या वेळी जे शिकले ते इथे लिहिते, कारण असा वाद महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात उद्या उभा राहू शकतो.

आधी नाव कोणाच्या हातात आहे ते शोधा. आम्ही थेट महापालिकेवर मोर्चा नेला. नंतर कळलं की जत्रा भरवतो देवस्थान ट्रस्ट. पालिका मैदान, पाणी, दिवे आणि थोडं अनुदान देते. मग मी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून ट्रस्टच्या नोंदीची नक्कल काढली. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या ट्रस्टला नोंदीतला बदल कलम २२ प्रमाणे कळवावा लागतो. पण आमच्या नोंदीत 'जत्रा' हा शब्दच नव्हता! तिथे होतं 'श्रींचा वार्षिक उत्सव'. म्हणजे बदलायला निघालेलं नाव फक्त दोन ठिकाणी होतं, पालिकेच्या अनुदानाच्या ठरावात आणि फलकांवर. हरकत त्या ठरावावरच घ्यायला हवी होती. हे समजायला आमचे तीन आठवडे गेले.

ठरावाची प्रत, विषयपत्रिका आणि सभेचं इतिवृत्त माहिती अधिकारात मागा. महाराष्ट्रात जोडपत्र 'अ' मधला अर्ज लागतो, त्यावर १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. एका अर्जात एकच विषय ठेवा. उत्तराची मुदत ३० दिवस. आलं नाही तर प्रथम अपील. नगरसेवक नसून प्रशासक असेल तर प्रशासकाच्या ठरावाची प्रत मागायची, एवढाच फरक.

पोच घेतल्याशिवाय कागद देऊ नका. माझं पहिलं निवेदन मी टेबलावर ठेवून आले. 'राहू द्या बाई, साहेबांना देतो' म्हणाले. सुनावणीच्या दिवशी ते फायलीत नव्हतं. तेव्हापासून दोन प्रती नेते, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेते, आणि तो क्रमांक पुढच्या प्रत्येक पत्रात लिहिते.

मग पुरावा. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. 'आमच्या आजोबांपासून' एवढ्याने भागत नाही. जुनी जिल्हा गॅझेटियर्स पाहा. गावांच्या वर्णनात जत्रांचा उल्लेख येतो आणि ती गॅझेटियर विभागाच्या संकेतस्थळावर आहेत. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या जत्रा-उत्सवांवर वेगळा खंड निघाला होता. जिल्ह्याच्या मोठ्या ग्रंथालयात विचारून पाहा.

पण मला खरा कागद मिळाला तो पाळणेवाल्याच्या घरी. त्याच्या वडिलांनी दुष्काळाच्या वर्षी, १९७२ ला, घेतलेली जागेची पावती पत्र्याच्या पेटीत होती. वर छापलेलं, 'चैत्री जत्रा'. बांगडीवाल्या मावशींकडे तशाच आणखी चार निघाल्या. दुकानदारांना आधी भेटा. नाव त्यांच्या पावतीवर असतं आणि पोटही त्याच नावावर चालतं.

याच फेऱ्यांत मला एक नको असलेली गोष्टही कळली. नदीपलीकडची जुनी माणसं या जत्रेला 'उरूस' म्हणतात, आणि त्यात हिंदू-मुसलमान दोन्ही घरं आहेत. मी ज्या नावासाठी भांडत होते तेवढं एकच नाव नव्हतं. ते लपवायचा मोह झाला. लपवलं नाही, निवेदनात दोन्ही लिहिली. सुनावणीत समोरच्यांनी 'उरूस' हा मुद्दा काढला तेव्हा तो आमच्या कागदावर आधीपासूनच होता.

निवेदन एक पानाचं. इतिहास परिशिष्टात घाला, मागणी वर. माझा मजकूर साधारण असा होता:

'विषय: जत्रेच्या नावातील बदलाबाबत हरकत. ठराव क्रमांक अमुक, दिनांक अमुक. मी या शहराची रहिवासी आहे. सदर जत्रेस लोक जत्रा व उरूस अशा दोन्ही नावांनी ओळखतात. पावत्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. ठरावातील, फलकांवरील व निविदांतील "जत्रा" हा शब्द कायम ठेवावा. निर्णयापूर्वी दुकानदारांचे म्हणणे ऐकून घ्यावे व निर्णय लेखी कळवावा.'

'भावना दुखावल्या' हे वाक्य मी मुद्दाम टाळलं. त्याऐवजी नुकसान सांगा. जत्रा म्हणजे यात्राच, शब्दही तिथूनच आला. तिथे येणारा पाहुणा नसतो, जत्रा त्याचीच असते. 'महोत्सव' म्हटलं की आधी मंच येतो, मग प्रायोजक, मग खुर्च्यांच्या रांगा, आणि खेळणीवाला मैदानाच्या कडेला सरकतो. आमच्याकडे नव्या नकाशात त्याची जागा खरोखरच कमी झाली होती. तो नकाशा मी जोडला, आणि अधिकाऱ्यांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्याच्यावरच विचारले.

प्रस्तावातलं नाव एखाद्या थोर व्यक्तीचं असेल तर वाद वेगळा होतो. त्या व्यक्तीबद्दल एक अक्षर वावगं बोलू नका, सोबतच्या कोणालाही बोलू देऊ नका. दोन्ही नावं जोडता येतात का ते विचारा. सगळे मराठवाडा विद्यापीठाचा दाखला देतात: २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि १४ जानेवारी १९९४ ला 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला. मधल्या काळात दलित वस्त्या जळल्या, माणसं गेली. तो प्रश्न समतेचा होता, आपला तेवढा नाही. म्हणून दाखला द्यायचाच तर नाव जोडण्याच्या पद्धतीपुरता द्या, दोन्ही लढे एका मापात तोलू नका.

सुनावणीत बोलायला तीन मिनिटं मिळाली तर दोन दुकानदाराला द्या. पाळणेवाला फक्त एवढं म्हणाला, 'साहेब, पत्र्यावर नाव रंगवायचा खर्च माझा, पण गावाकडनं येणारी माणसं जत्रा म्हणूनच विचारत येतात.' माझ्या चार पानांपेक्षा ते वजनदार ठरलं.

शेवटी ठरावात 'चैत्री जत्रा महोत्सव' असं जोडनाव आलं. मला ते पुरतं पटलेलं नाही, पण शब्द वाचला. ठरावाची प्रमाणित प्रत घ्या आणि पुढच्या वर्षी मंडपाच्या निविदेत तो शब्द आहे का ते तपासा. आमच्याकडे यंदाच्या निविदेत फक्त 'महोत्सव' छापलं होतं. मी फाल्गुनातच पत्र दिलं, पोच घेतली, आणि शुद्धिपत्रक निघालं.