ओईटी झाली, आता वॉर्डातलं इंग्रजी

ओईटी (इंग्रजीची परीक्षा) आणि सीबीटी (नर्सिंगची कॉम्प्युटरवरची परीक्षा) झाली, ओस्की (प्रात्यक्षिक परीक्षा) तिकडे गेल्यावर. इंग्लंडला निघालेल्या नर्स मैत्रिणींनो, एवढं केलंत म्हणजे तुमचं इंग्रजी चांगलंच आहे. तरीही पेशंटच्या तोंडचे साधे शब्द घात करतात.

मला अडवलं ते 'सिक'ने. आपल्याकडे सिक म्हणजे आजारी. तिकडे पेशंट 'आय फील सिक' म्हणाला की त्याला मळमळतंय, आणि 'आय हॅव बीन सिक' म्हणजे उलटी झालीय. एक आजी 'आय फील सिक' म्हणाल्या, मी थर्मामीटर आणायला वळले, तोवर गाऊन, चादर सगळं भरलं. त्यांना हवं होतं ते पुठ्ठ्याचं भांडं. हँडओव्हरला, म्हणजे ड्युटी बदलताना, 'सिक ट्वाइस सिन्स लंच' ऐकलंत तर त्या दोन उलट्या आहेत आणि फ्लुइड बॅलन्स चार्टवर (शरीरात किती पाणी गेलं, किती बाहेर आलं त्याची नोंद) आउटपुटमध्ये गेल्याच पाहिजेत, नाहीतर सलाईनचा हिशेब चुकतो. त्यात आणखी गुंता म्हणजे 'ऑफ सिक' असलेली सहकारी नुसती आजारपणाच्या रजेवर असते. आजारी पेशंटला 'पुअरली' म्हणतात. शब्द मवाळ वाटतो, पण 'व्हेरी पुअरली' म्हणजे सिरियस. लगेच बेडपाशी जा, ऑब्झ (बीपी, नाडी, ताप वगैरे) घ्या.

बाकीचे पटकन अंगवळणी पडतात. 'प्लास्टर' मागितलं तर बँडेड द्या. 'सर्जरीला फोन केला' म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात. 'हाफ सेव्हन' म्हणजे साडेसात. इंजेक्शनला इंग्लंडमध्ये 'जॅब', स्कॉटलंडमध्ये 'जॅग'. उत्तरेकडे 'टी' म्हणजे बहुतेकदा संध्याकाळचं जेवण, म्हणून इन्सुलिनवरच्या पेशंटने 'टी झाली' म्हटलं की काय खाल्लं ते विचाराच.

उच्चार बदलून देणाऱ्या क्लासवर पैसे घालवू नका. हॉस्पिटलच्या अमेरिकन सिरियलींवरही विसंबू नका, तिथे पॅरासिटामॉलचंसुद्धा ॲसिटॅमिनोफेन होतं. माझ्या मते खऱ्या गुरू म्हणजे हेल्थकेअर असिस्टंट. आपल्या वॉर्डातल्या मावशींसारख्याच त्या पेशंटजवळ सर्वांत जास्त असतात, आणि बऱ्याचजणी त्याच गावच्या. नेमून दिलेली सीनियर घाईत असते, या मात्र सांगतात.

आणि पेशंटलाच विचारायला लाजू नका. 'डू यू थिंक यू माइट व्हॉमिट?' एवढं विचारलं तर कुणी तुमच्या इंग्रजीला नावं ठेवत नाही. मात्र विचारताना भांडं हातात असू द्या.