जुनं वायर सोलायचं मशीन घ्यायला जाताना आपली वायर न्या

सातपूरला कारखान्यांच्या वायरिंगची कामं घेतो, त्यामुळे काढलेली जुनी वायर गोण्यांनी साठते. ती सोलायला टेबलावरचं, एक एचपीचं मशीन सेकंडहँड घेतलं. विकणाऱ्यानं नवीकोरी वायर घालून दाखवली, साल सर्रकन उभी फाटली, मी पैसे मोजले. गाळ्यावर आणून पंधरा वर्षं पत्र्याखाली तापलेली वायर घातली, तर रोलर जागच्या जागी घसरत राहिले.

तेव्हापासून पिशवीत आपले तुकडे असतात: दीड चौरस मिमीची, चारची आणि एक कडक झालेली जुनी. प्रत्येकी दोन-तीन हात लांब.

‘मी येईपर्यंत चालू करू नका’ असं फोनवरच सांगावं. मोटर थंड असतानाच खरी बोलते. नुसतीच गुणगुणली आणि फिरली नाही, तर बहुधा मोटर सुरू करून देणारा कंडेन्सर गेलेला असतो. तो स्वस्तात मिळतो, भाव पाडायला उपयोगी. गिअरबॉक्स घासल्यासारखा वाजला तर मात्र मी निघतो. तेलात पितळी चकाकी दिसली तरीही.

मग प्लग काढायचा आणि रोलरच्या दात्यांवरून नख फिरवायचं. नख अडकलं पाहिजे. माझ्या मशीनचे दाते गुळगुळीत झाले होते. वरचा हिरवा रंग ताजा होता, एवढंच. पात्याचा दाब देणारा स्क्रू हातानं हलवून बघा. आटे सैल असतील तर पातं चालता चालता वर सरकतं. सोललेली तार उजेडात धरा. तांब्यावर उभी चमकती रेघ दिसली, तर पातं खोल लागतंय. ते वर घेऊनही रेघ जात नसेल, तर पातं वाकडं आहे. पातं बाजारात मिळतं का, हे पैसे देण्याआधी विचारा. बॉडीला अर्थिंग आहे का, तेही तपासा.

आणि मशीन परवडतं का? दीडच्या नव्वद मीटरच्या कॉइलमध्ये तांबं जेमतेम 1.2 किलो. महिन्याला दोन-तीन कॉइलसाठी हातातलं कटर पुरे. जाळू मात्र नका; पीव्हीसीचा धूर विषारी, आणि जळक्या तांब्याला भावही कमी.

पुढे ते मशीन मी विकलं. रोलर नवीन बसवले, जुने पिशवीत घालून सोबत दिले, मोटरवरच्या माहितीच्या प्लेटचा फोटो आधीच पाठवला. सिन्नरहून आलेल्या गिऱ्हाइकानं वायर आणली नव्हती, म्हणून मीच गोणीतली सगळ्यात कडक काढून दिली. एकच बजावलं: कापडी हातमोजे घालून वायर सरकवू नका, रोलर आधी हातमोजा ओढतो, मग बोट. अडकलेली वायर काढायची तर आधी प्लग.