केबलच्या घासण्यापासून सायकलचा रंग वाचवा

मी दर रविवारी संभाजीनगरहून दौलताबादचा घाट चढून खुलताबादला जातो. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ ब्रेक-गिअरच्या केबलच्या आवरणाला चिकटते आणि हँडल वळलं की पॉलिश पेपरसारखी घासते. माझ्या निळ्या स्टीलच्या फ्रेमवर, हँडलखालच्या उभ्या नळीपाशी, नखाएवढा रंग गेला होता. पहिल्याच पावसाळ्यात तिथं तांबूस गंज दिसला. फार जीव तुटला.

यावर उपाय म्हणजे केबल घासते तिथं फ्रेमवर पारदर्शक पट्टी चिकटवणं. आधी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा आणि केबल कुठं टेकते ते खडूनं टिंब करून ठेवा. जागा साबणाच्या पाण्यानं धुवा, वाळवा, मग स्पिरिटनं पुसा. बोटाचा तेलकट डागही राहू देऊ नका, नाहीतर पट्टी आठवड्यात सुटते.

पट्टी म्हणजे गाड्यांच्या रंगावर लावतात ती जाड पारदर्शक फिल्म. कार ॲक्सेसरीजच्या दुकानात उरलेले तुकडे मागून बघा. साधा सेलोटेप नको, उन्हानं पिवळा पडून त्याचा डिंक फ्रेमवर राहतो. तुकडा टिंबापेक्षा बोटभर मोठा कापा, चारही कोपरे गोल करा. टोकदार कोपराच आधी उचकटतो. मधून कडेकडे दाबत हवा काढा आणि रात्रभर सायकल हलवू नका.

रंग आधीच गेला असेल तर गंज घासून टचअपचा रंग लावा, पूर्ण वाळू द्या, मगच फिल्म.

जुन्या ट्यूबचा तुकडा फ्रेमला गुंडाळू नका, त्याखाली माती नि ओल साचते.