नाइट व्हिजन घेताना या चुका टाळा: मुंबईच्या रात्रीचा हिशेब वेगळा

नाइट व्हिजनच्या, म्हणजे अंधारात पाहण्याच्या यंत्राच्या, जाहिरातीत नेहमी घनदाट जंगल आणि अमावास्येची रात्र असते. मुंबईतला हौशी माणूस मात्र ते यंत्र मुलुंड किंवा बोरिवलीच्या एखाद्या गॅलरीत उभा राहून वापरतो. समोर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची झाडी असते आणि खाली सोसायटीच्या कुंपणावरचे दिवे रात्रभर जळत असतात. इथे अंधारापेक्षा भलत्या जागचा उजेड, काच आणि दमट हवा यांचाच त्रास अधिक होतो. हे ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळांची खरेदी चुकते.

पहिली चूक होते ती प्रकार न ओळखण्याची. नळीचे यंत्र उपलब्ध मंद प्रकाशच अनेक पटींनी वाढवते. डिजिटल यंत्र कॅमेऱ्याप्रमाणे चालते आणि स्वतःच्या इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या, दिव्याचा आधार घेते. थर्मल यंत्र प्रकाशाकडे पाहतच नाही, ते वस्तूतून निघणारी उष्णता टिपते. उत्तम प्रतीच्या, तिसऱ्या पिढीच्या नळ्यांवर अमेरिकेचे निर्यातनिर्बंध आहेत आणि पहिल्या पिढीच्या स्वस्त नळीत समोरच्या एका दिव्याने सगळे चित्र पांढरे होते. त्यामुळे माझ्या मते गॅलरीसाठी डिजिटल यंत्र पुरेसे आहे. झाडीत प्राणी आहे की नाही हे थर्मल चटकन सांगते, पण तो बिबट्या आहे की भटका कुत्रा, हे ठरवताना अनेकदा डिजिटलच उपयोगी पडते.

थर्मल यंत्र पहिल्यांदा हातात आले तेव्हा गॅलरीची सरकती काच लावलेली होती. झाडीऐवजी मला स्वतःच्याच डोक्याचा धूसर पांढरा आकार दिसत होता आणि मी दहा मिनिटे सेटिंग बदलत बसलो. थर्मल यंत्र साधारण 8 ते 14 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहरी पाहते आणि त्या लहरींच्या लेखी खिडकीची काच म्हणजे भिंतच. डिजिटल यंत्र काचेतून पाहू शकते, परंतु त्याच्या दिव्याचा झोत काचेवरून किंवा जवळच्या ग्रिलवरून परत येतो आणि पडद्यावर फक्त पांढरा भपका दिसतो. अशा वेळी काच उघडावी आणि यंत्राचे तोंड ग्रिलच्या गजांमधून पुढे काढावे. मे महिन्यात संध्याकाळी थर्मलचे चित्र सपाट वाटले, तर यंत्र बिघडले असे लगेच समजू नये. दिवसभर तापलेले खडक आणि भिंती तेव्हा प्राण्यांच्या शरीराइतक्याच गरम असतात. पहाटे तेच चित्र स्पष्ट येते.

खोक्यावरच्या पल्ल्याच्या आकड्यावर भुलू नये. तो बहुधा ‘काहीतरी आहे’ एवढेच कळण्याचा पल्ला असतो, ओळख पटण्याचा नव्हे. हिशेब सोपा आहे: 12 मायक्रॉनचे पिक्सेल आणि 10 मिलिमीटरची लेन्स असेल, तर 100 मीटरवर एक पिक्सेल 12 सेंटिमीटर जागा व्यापतो. खांद्यापाशी सुमारे 65 सेंटिमीटर उंच असलेला बिबट्या तिथे पाच पिक्सेलांत मावतो आणि 300 मीटरवर जेमतेम दोन पिक्सेलांचा ठिपका उरतो. डिजिटल झूम केल्याने तो ठिपका मोठा होतो, बिबट्या होत नाही.

डिजिटल यंत्राच्या इन्फ्रारेड दिव्याच्या बाबतीत 850 नॅनोमीटर लहरलांबीचा झोत दूर पोहोचतो, पण दिव्याच्या तोंडाशी मंद लाल ठिपका दिसतो. 940 चा दिसत नाही, मात्र त्याचा पल्ला कमी पडतो. दिवा चालू आहे का, याची शंका आली तर तो टीव्हीच्या रिमोटसारखाच मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून पाहावा. डोळ्यासमोर कधीही धरू नये, कारण न दिसणाऱ्या प्रकाशाने पापणी मिटत नाही. पावसाळ्यात दिव्याची शक्ती वाढवणे ही हमखास होणारी चूक आहे. थेंबांवरून परतणारा उजेडच त्यामुळे वाढतो. शक्ती कमी करावी आणि शक्य असल्यास दिवा लेन्सपासून हातभर दूर बसवावा.

चित्र अस्पष्ट दिसते ही तक्रार बहुतेक वेळा फोकसचा क्रम उलटा केल्यामुळे येते. आधी डोळ्याजवळची कडी फिरवून पडद्यावरची मेनूची अक्षरे स्वच्छ करावीत, ती कडी मग तशीच ठेवावी आणि त्यानंतरच पुढच्या लेन्सने झाडी फोकसमध्ये आणावी. घरात चष्मा लावणारे दोघे असतील, तर पहिली पायरी प्रत्येकाने नव्याने करावी लागते.

एसीच्या खोलीतून यंत्र एकदम गॅलरीत नेले की लेन्सवर दव धरते. ते बंद पिशवीतच बाहेर अर्धा तास ठेवावे. एरवी ते सिलिका जेलसह हवाबंद डब्यात असावे, नाहीतर एका पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते. 18650 या आकाराच्या रिचार्जेबल बॅटरीवर 9900 एमएएच (क्षमतेचे एकक) असे छापलेले असेल तर ती घेऊ नये. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण 3500 च्या आसपास असते.

रात्री परवानगीविना उद्यानात शिरणे हा गुन्हा आहे, तेव्हा पाहणे गॅलरीतूनच व्हावे. समोरच्या इमारतीच्या खिडक्याही त्याच यंत्रातून दिसतात. म्हणून ट्रायपॉडवर यंत्र बसवतानाच त्याचे डोके कुंपणापलीकडच्या झाडीकडे वळवून स्क्रू घट्ट करून ठेवावा.